राणीच्या झग्यावरचे हिरवे पंजे

भिंगरावांना कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर ते आधी एक मोठा श्वास घेत. मग म्हणत, "पोटासाठी चष्मे करतो. पण जन्म घेतलाय तो सत्य शोधायला."

विचारणारा बहुधा चष्म्याची सुटलेली दांडी बसवून घ्यायला आलेला असे आणि त्याला दांडीची घाई असे. पण पुढचं ऐकल्याशिवाय दांडी बसत नसे. "माणूस दारातून आत आला, की मी चपलेवरून त्याचा धंदा ओळखतो, कॉलरवरून संसार आणि खोकल्यावरून त्याचं मन. असली नजर शतकातून एकदाच येते. या शतकाची तुमच्यासमोर बसलीय."

ही नजर स्वतः जाड काचांमधून बघायची. शिवाय चष्मा कपाळावर सरकवला, की तो कुठे गेला हे तिला दुकानात काम करणाऱ्या मेव्हण्याला विचारावं लागायचं.

'भिंगराव' हे नाव लोकांनी थट्टेने ठेवलं होतं. त्यांना ती पदवी वाटायची. पोस्टमास्तरांची छत्री हरवली, तेव्हा त्यांनी छत्र्या पळवणाऱ्या टोळीचा माग काढला होता आणि टोळीचा म्होरक्या म्हणून एका माणसाला भर रस्त्यात पकडलंही होतं. त्या माणसाच्या हातात छत्री होती हे खरं, पण ती त्याचीच होती आणि पाऊस पडत होता. पोस्टमास्तरांची छत्री पोस्टातच सापडली. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना भिंगराव कधी कधी स्वतःशी कबूल करत, की आजवर आपण एकही प्रकरण सोडवलेलं नाही. प्रकरणंच आपल्याला कंटाळून आपापली सुटत आलीत. पण शटर खाली आलं, की हा विचारही आतच राहायचा.

तर अशा या भिंगरावांच्या दुकानात एके सकाळी नाटकाच्या बाई वादळासारख्या शिरल्या. समोरच्या शाळेत त्या नाटक बसवत. उद्या संध्याकाळी शाळेचं वार्षिक नाटक होतं.

"भिंगराव, घात झाला! राणीचा झगा कुणीतरी नासवला!"

मेव्हण्याने खुर्ची पुढे केली. भिंगरावांनी नाटकाच्या बाईंच्या चपलेकडे पाहिलं. "तुम्ही चालत आलात," ते म्हणाले.

"समोरून आले. चालतच येणार. ऐका. काल संध्याकाळी झगा रंगपटात दोरीवर वाळत टाकला. जांभळाशार, अगदी राजघराण्यातला रंग. आज सकाळी बघते, तर खालचा सगळा घेर हिरवागार!"

"संशय कुणावर?"

नाटकाच्या बाई काउंटरवरच्या चष्म्याच्या दांड्या उगाच उघडत मिटत म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल."

"सत्यापुढे मी वाईट वाटून घेत नाही."

"तुमच्या बायकोवर."

भिंगरावांना वाईट वाटलं.

त्यांची बायको त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायची; शाळेत तिला 'रसायनाच्या बाई' म्हणत. ती आणि नाटकाच्या बाई जिवलग मैत्रिणी. डबा एकत्र, सुट्टीत फिरणं एकत्र. पण या वर्षी सभागृह नाटकाच्या तालमीला द्यायचं की विज्ञानाच्या प्रदर्शनाला, यावरून दोघींचं वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. भांडणात रसायनाच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या राणीचा रंग फार दिवस टिकायचा नाही, बघ!"

"हे ती सगळ्यांसमोर बोलली," नाटकाच्या बाई म्हणाल्या. "आणि टिकला नाही! तिनेच प्रयोगशाळेतलं काहीतरी जहाल आणून टाकलं. मी मुख्याध्यापकांना सांगितलंय. ते म्हणाले, प्रयोगशाळेतलं आम्ल बाहेर आलं असेल, तर उद्यापासून प्रयोगशाळेला कुलूप. मुलांनी पुस्तकातली चित्रं बघावीत. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही काय ते शोधून द्या."

हे ऐकल्यावर मात्र भिंगराव उठून उभे राहिले. ती प्रयोगशाळा कित्येक वर्षं अडगळीची खोली होती. बायकोने मुख्याध्यापकांच्या मागे लागून ती साफ करून घेतली होती, मोडकी टेबलं स्वतः खिळे ठोकून उभी केली होती. वर्गातली मुलं परीक्षानळी हातात धरायला लागली, त्या दिवशी ती घरी येऊन जेवताना एकटीच हसत होती. भिंगरावांनी त्या हसण्यामागे काहीतरी काळंबेरं असल्याचा निष्कर्ष काढला होता, पण त्यांना ते हसणं आवडलं होतं.

"मी प्रकरण हातात घेतो," ते म्हणाले. मेव्हण्याने निमूटपणे 'थोड्या वेळात येतो'ची पाटी दाराला लावली.

रंगपट म्हणजे स्टेजच्या मागची अरुंद खोली. एका बाजूला आरसे, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, त्यावर पांढऱ्या पावडरचा उघडा डबा. मधोमध दोरीवर झगा लटकत होता; अजून ओलसर, वर जांभळा आणि खाली जमिनीला टेकणारा घेर हिरवा. नाटकाच्या बाई तालमीला गेल्या. मेव्हणा दाराशी उभा राहिला.

"पहिला नियम," भिंगराव बाह्या सरसावत म्हणाले. "पुराव्याला हात लावण्याआधी हात धुवावेत. नाहीतर आपलाच मळ आपल्याला फसवतो."

त्यांनी डब्यातली पावडर चांगली मूठभर घेऊन हात खसाखसा चोळले. नळाला पाणी जेमतेम करंगळीएवढं होतं. हात बुळबुळीतच राहिले. मेव्हण्याने रुमाल पुढे केला.

"नको! रुमालाचे धागे पुराव्याला लागतात."

मग त्यांनी झग्याची कंबर दोन्ही हातांनी धरून तो प्रकाशाकडे वळवला, खिशातलं भिंग काढून घेर तपासला आणि गुडघ्यांवर बसून जमीन हुंगत थेट आरशांपर्यंत गेले.

"दाजी," मागून मेव्हण्याचा आवाज आला.

"थांब. जमिनीला वास नाही. म्हणजे कुणीतरी वास पुसून टाकलाय."

"दाजी, झग्याच्या कंबरेवर काहीतरी उगवलंय."

भिंगराव वळले. जांभळ्या कंबरेवर दोन्ही बाजूंनी दोन हिरवे पंजे उमटले होते. पाचही बोटं स्पष्ट.

"हे मघाशी नव्हतं!" भिंगराव कुजबुजले. "मी पाठ फिरवली तेवढ्यात. दार लाव! गुन्हेगार याच खोलीत आहे!"

मेव्हण्याने दार लावलं. खोलीत ते दोघं, झगा आणि एक कपाट होतं. भिंगरावांनी कपाट उघडलं. आतून लाकडी तलवारींची मोळी त्यांच्या अंगावर आली. बाकी कुणी नव्हतं. धुळीने माखलेले हात त्यांनी नियमाप्रमाणे पुन्हा धुतले, तीच पावडर, तेवढंच पाणी, आणि कपाटाकडे डोळे लावून, आधारासाठी म्हणून झग्याची बाही धरली.

थोड्या वेळाने बाहीवर तिसरा पंजा होता.

"काय धाडस आहे!" भिंगराव थक्क झाले. "आपल्या नाकाखाली! मेव्हण्या, हा सामान्य चोर नाही."

"दाजी, तुम्ही जिथे हात लावता तिथेच..."

"बरोबर! तो माझी नक्कल करतोय. मला डिवचतोय." त्यांनी पंज्यावर भिंग धरलं. "टिपून ठेव डोक्यात. हात रुंद. आणि उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण. काचेने कापल्यासारखा. असा अंगठा सापडला, की काम फत्ते."

मेव्हण्याने भिंग धरलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. काच घासायच्या चाकावर कापल्याचा आडवा व्रण त्याला रोज दुकानात दिसायचा. त्याने तोंड उघडलं. मग दाजींचा उजळलेला चेहरा बघून मिटलं. दाजी इतके खूश फार दिवसांनी दिसत होते.

दुपारपर्यंत भिंगरावांनी एकामागून एक सिद्धांत मांडले. आधी ठरलं, की हे शेवाळ आहे; ओल धरली, वाढलं. पण शेवाळाला बोटं नसतात. मग ठरलं, की राणीचं काम न मिळालेल्या मुलीने सूड घेतला. तिचा हात मागवून पाहिला, तर तो पंज्याच्या निम्माही नव्हता, आणि ती म्हणाली, की मला झाडाचं काम आवडतं, त्यात पाठांतर नाही. मग ठरलं, की गुप्त शाईचा वापर करणारी टोळी झग्यावरून निरोप पाठवतेय. निरोप काय असेल ते शोधताना त्यांना तहान लागली. मेव्हण्याने लिंबाचं पाणी आणून दिलं. ते पिता पिता एक हातवारा जरा मोठा झाला.

"रक्त!" काही क्षणांनी भिंगराव ओरडले.

झग्याच्या छातीवर गुलाबी लाल ठिपके फुलत होते.

"गुन्हेगार जखमी झालाय!"

"दाजी, तुमचं लिंबूपाणी सांडलं तिथे."

"लिंबूपाणी पांढरं असतं, मूर्खा! हे लाल आहे!"

मेव्हण्याने रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. भिंगरावांचे सिद्धांत संपले होते. आता एकच माणूस उरला होता आणि तिच्याकडे जायला ते सकाळपासून टाळत होते.

प्रयोगशाळेत बायको एकटीच परीक्षानळ्या घासत होती.

"अगं, मी इथे नवरा म्हणून आलो नाही," ते म्हणाले.

"बरं. मग तो ब्रश द्या."

ब्रश देऊन ते स्टुलावर बसले. "काल संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"घरी. तुमच्यासमोर. तुम्ही चष्मा शोधत होतात."

"याला साक्षीदार?"

"तुम्ही."

"मी चष्म्याशिवाय होतो. माझी साक्ष धरता येणार नाही." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "झग्यावर हिरवे पंजे उमटलेत. नंतर रक्तासारखे लाल डागही. आम्लाने असं होतं?"

बायकोचे हात थांबले. "एकाच कापडावर हिरवं आणि लाल? दोन्ही?"

"मी प्रश्न विचारतोय."

"मग नीट ऐका. निदान या वेळी." तिने ड्रॉवरमधून निळ्या कागदाची पट्टी काढली. "हा लिटमस. याला स्वतःची बाजू नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर, यांत आम्ल असतं. त्यात बुडवला, की हा लाल होतो." पट्टी लाल झाली. "आता हीच लाल पट्टी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात. सोडा आम्लाच्या उलट, आम्लारी. हाताला बुळबुळीत लागतो." पट्टी पुन्हा निळी झाली. "रंग बदलून जो सांगतो, की समोर आम्ल आहे की आम्लारी, त्याला दर्शक म्हणतात. आणि आम्ल नि आम्लारी बरोबर प्रमाणात एकत्र आले, की दोघांचाही जोर संपतो. क्षार आणि पाणी तयार होतं. हे मी नववीला शिकवते आणि घरी तुम्हालाही सांगत असते."

भिंगरावांच्या डोक्यात यातलं एवढंच शिरलं, की बायकोला कापडाचे रंग मनात येईल तसे बदलता येतात. तिने भांडणात धमकी दिली होती. तिच्याकडे साधन होतं, कौशल्य होतं. पुरावा पुराव्याला जुळत गेला, आयुष्यात पहिल्यांदाच जुळत गेला, आणि त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

"कुणाला काही सांगू नकोस," ते म्हणाले आणि निघाले.

"अहो, तो झगा कशात रंगवलाय ते विचारलंत का तिला?" बायकोने मागून विचारलं. पण ते तोवर जिना उतरले होते.

संध्याकाळी रंगपटात सगळे जमले. मुख्याध्यापक खुर्चीत बसले, नाटकाच्या बाई एका भिंतीला टेकून उभ्या आणि रसायनाच्या बाई बरोबर समोरच्या. दोघी एकमेकींना सोडून सगळीकडे बघत होत्या. झगा आता जांभळा, हिरवा, गुलाबी अशा तिन्ही रंगांत लटकत होता.

भिंगरावांनी या क्षणाचं स्वप्न किती वर्षं पाहिलं होतं! सगळे संशयित एका खोलीत, आपण मधोमध, आणि मग ते एक वाक्य. ते मधोमध उभे राहिले. घसा साफ केला. बायकोकडे पाहिलं. तिच्या बोटांवर खडूचा पांढरा भुरका होता.

"गुन्हेगार..." ते म्हणाले आणि थांबले. "गुन्हेगार मला सापडला नाही."

मेव्हण्याच्या हातून भिंगाची पेटी पडली. दाजींना गुन्हेगार सापडला नाही असं कधी झालंच नव्हतं. चुकीचा का होईना, सापडायचाच.

मुख्याध्यापक उठले. "मग माझा नाइलाज आहे. बाई, प्रयोगशाळेची किल्ली द्या."

रसायनाच्या बाईंनी पर्समध्ये हात घातला. तिचा चेहरा भिंगरावांना बघवेना.

"थांबा!" ते ओरडले. "मी खोटं बोललो. गुन्हेगार मी आहे! झगा मी नासवला! कुणी मदत केली नाही, कुणी सांगितलं नाही. मी एकट्याने केलं. हवी ती शिक्षा द्या, पण त्या खोलीला कुलूप लावू नका."

नाटकाच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मेव्हण्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

"हे बायकोला वाचवायला बोलताहेत," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. त्यांनाही भरून आलं होतं.

रसायनाच्या बाई मात्र झग्याजवळ जाऊन कंबरेवरचा पंजा निरखत होत्या. "अहो, इकडे या. उजवा हात दाखवा."

भिंगरावांनी हात पुढे केला. तिने तो पंज्यावर धरला. बोटाला बोट जुळलं. अंगठ्याचा व्रण व्रणाला जुळला.

"सर," ती म्हणाली, "हे खरंच यांनीच केलंय."

भिंगरावांचे डोळे पांढरे झाले. "मी? खरोखर?"

"हात कशाने धुतलेत?"

त्यांनी बेसिनवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिने डब्यात डोकावून पाहिलं. "धुण्याचा सोडा. आणि हे लाल?" मेव्हण्याने रिकामा पेला वर धरला. "लिंबू. म्हणजे या झग्याचा रंगच दर्शक आहे." मग ती वळली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मैत्रिणीशी बोलली. "काय गं, कशात रंगवलास हा?"

नाटकाच्या बाई लालबुंद झाल्या. "खास मागवलेला रंग आहे."

"खरं सांग."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"कोबी," नाटकाच्या बाई पुटपुटल्या. "जांभळा कोबी. उकळून. बाजारच्या रंगांत तो जांभळा मिळेना. राजघराण्यातला रंग म्हणून सगळ्यांना सांगून बसले होते. कोबी कुठल्या तोंडाने म्हणू?"

रसायनाच्या बाईंना हसू फुटलं. तिने ते दाबलं, मग दाबता आलं नाही. "अगं वेडे! जांभळ्या कोबीचं पाणी मी दरवर्षी मुलांना करून दाखवते. आम्लात गुलाबी, आम्लारीत हिरवं. मला विचारलं असतंस तर..."

"आपलं बोलणं बंद होतं ना!"

"पण घेर कसा हिरवा झाला?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "भिंगराव तर सकाळी आले."

"काल इथली फरशी कुणी पुसली?"

नाटकाच्या बाईंनी डोळे मिटले. "मीच. मेकअपचं तेल सांडून निसरडी झाली होती. सोड्याच्या पाण्याने घासली, आणि लगेच वर झगा वाळत टाकला." डोळे उघडून त्या मैत्रिणीकडे बघत राहिल्या. "आणि नाव तुझं घेतलं. सर, तक्रार मागे घेते. माझंच चुकलं."

"मीही ते रंग टिकायचा नाही वगैरे बोलायला नको होतं," रसायनाच्या बाई म्हणाल्या. "बोलले ते रागाने. रसायनाशी त्याचा काही संबंध नव्हता."

मुख्याध्यापकांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात खिशात घातला. "उद्याचं नाटक मात्र..."

"होईल," रसायनाच्या बाई पदर खोचत म्हणाल्या. व्हिनेगरचे थोडे थेंब भरपूर पाण्यात मिसळून तिने फवारणीच्या बाटलीत भरले आणि हिरव्या घेरावर आणि कंबरेवर हलकेच मारले. सगळे श्वास रोखून बघत होते. हिरवा रंग आधी निळसर झाला, मग जांभळा. पहिला पंजा विरला. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच आपण मुख्याध्यापक आहोत हे आठवून थांबवल्या.

"बाहीवरचा माझा पंजा मीच पुसतो," भिंगराव म्हणाले. बायकोने बाटली दिली. त्यांनी जोमाने फवारा मारला. बाही हिरव्याची जांभळी झाली, आणि ते फवारत राहिल्याने पाहता पाहता गुलाबी झाली.

"अहो, बस! जोर संपवायचाय, बाजू बदलायची नाहीये!"

ती गुलाबी बाही आणि छातीवरचे ठिपके पुन्हा जांभळे करायला चिमूटभर सोड्याचं पाणी लागलं, आणि ते करताना भिंगरावांना खोलीबाहेर उभं करण्यात आलं. आतून दोघी मैत्रिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. मेव्हणा त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं," भिंगराव म्हणाले.

"अंगठा ओळखीचा वाटला होता, दाजी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

भिंगरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाटक झालं. राणी जांभळी होती. एका काखेत थोडासा हिरवट डाग राहिला होता, पण राणीने संपूर्ण अंकात तो हात उचलला नाही, आणि लोकांना वाटलं, की राण्या अशाच उभ्या राहतात. शेवटी पडदा पडल्यावर नाटकाच्या बाईंनी सर्वांसमोर जाहीर केलं, की झग्याचा रंग कोबीचा आहे, आणि ज्यांना तो बदलताना बघायचाय, त्यांनी विज्ञानाच्या प्रदर्शनाला यावं. ते याच सभागृहात होईल.

घरी जाताना रस्ता रिकामा होता. कोपऱ्यावर वळताना बायको म्हणाली, "काल तुम्ही गुन्हा अंगावर घेतलात. माझ्यासाठी."

"त्यात काय एवढं," भिंगराव खांदे मागे टाकत म्हणाले.

"म्हणजे मीच केलं असं तुम्हाला वाटत होतं."

भिंगरावांची चाल मंदावली. चपलेवरून धंदा आणि खोकल्यावरून मन ओळखणाऱ्या त्या माणसाला हा प्रश्न येताना दिसलाच नव्हता. आता सुटकेला वाट नव्हती, आणि खोटं बोललं तर ती लगेच ओळखेल हेही त्यांना ठाऊक होतं.

"सगळे पुरावे तुझ्याविरुद्ध होते," ते शेवटी म्हणाले. "मी नव्हतो."

बायको थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या कपाळावर सरकलेला चष्मा काढून नीट नाकावर बसवला, आणि हातातली पिशवी त्यांच्या हातात दिली.

"चला," ती म्हणाली. "वाटेत दूध घ्यायचंय."